हंडाभर हवा

आमचं इंजिन पैनगंगेच्या डोहात बुडालं तेव्हा मी मळ्यात मेथीला पाणी लावत होते. बातमी घेऊन मालक, म्हणजे माझे यजमान, स्वतःच आले. कपडे ओले, एका पायात वहाण, दुसरा पाय अनवाणी. बांधावर बसले, डोक्याचं फडकं काढून पिळलं आणि म्हणाले, "इंजन गेलं. आमी वाचलो."

सासूबाई मोटेच्या बैलांजवळ उभ्या होत्या. त्यांनी येऊन आधी मुलाची पाठ, दंड, मनगटं चाचपून पाहिली. मग विचारलं, "बैल?"

"बैल इकडच्याच काठाले होते. बरे हायेत."

"अन् नावाडी?"

"त्याचा खांदा उतरला."

"मंग लोखंड गेलं तं जाऊ दे," असं म्हणून त्या पुन्हा बैलांकडे वळल्या. पण त्या दिवशी त्यांनी बैलांना एकदाही नावानं हाक मारली नाही, नुसतं चुचकारत राहिल्या. त्यावरून मला कळलं, लोखंड त्यांच्याही मनातून जाणार नव्हतं.

रिसोडच्या बाहेर आमचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, कांद्याचं रोप, असा भाजीपाला काढून आम्ही रिसोडच्या बाजारात विकायचो, जास्त निघाला तर वाशीमकडच्या मालेगावपर्यंत गाडी न्यायचो. विहिरीला पाणी भरपूर, पण मोटेनं ते किती उपसणार? दुपार कलेपर्यंत बैल दमायचे आणि पलीकडचा तुकडा कोरडाच राहायचा. पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. पंचक्रोशीत दोन-चार विहिरींवर तेलावर चालणारी इंजिनं आली होती. त्यांचा फटफट आवाज वाऱ्यावर आला की सासूबाई हातातलं काम थांबवून कान द्यायच्या. नदीपलीकडच्या एका बागाईतदारानं मोठं इंजिन घेतलं आणि जुनं आम्हाला द्यायचं कबूल केलं. पलीकडचा मुलूख काही वर्षांपूर्वीपर्यंत निजामाचा होता. मध्ये पूल नव्हता, डोंगा होता. एका डोंग्यात एवढं वजन मावेना म्हणून नावाड्यानं दोन डोंगे शेजारी शेजारी बांधले, त्यांवर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर इंजिन काथ्याच्या दोरानं आवळून बसवलं. आमच्या काठाजवळ, डोहातल्या काळ्या खडकाला एक डोंगा घासला आणि त्यात पाणी शिरलं. इंजिन इतकं घट्ट बांधलेलं होतं की ते एकटं घसरलं नाही. दोन्ही डोंगे घेऊन खाली गेलं. मालकांना पोहता येत नव्हतं. ते एका सुट्या फळीला धरून काठाला लागले.

पुढचे काही दिवस माणसं येत होती. कोणी बांबूनं चाचपलं, कोणी दोराला आकडे बांधून फिरवले. आकड्याला एकदा फळी आली, एकदा नुसतं शेवाळ. गावातल्या दोन दांडग्या पोरांनी बुड्या मारल्या. एकाच्या हाताला डोंगा लागला, पण श्वास पुरेना. दुसरा धापा टाकत काठाला आला आणि म्हणाला, खाली आसरा आहेत, पाय ओढतात. त्या डोहात आसरांचं, पाण्यातल्या देवींचं, ठाणं आहे असं सगळेच मानत. त्यानंतर कोणी उतरायला तयार होईना. नावाडी स्वतः त्या नदीवरचा सगळ्यांत चांगला पाणबुड्या, पण त्याचा हात गळ्यात बांधलेला होता, आणि त्याचे भाऊबंद मासेमारीला दूरच्या तलावांवर गेले होते.

मालक घरात कमी बोलू लागले. जेवताना ताटाकडे न पाहता जेवायचे. एकदा दुपारी मळ्यातच आम्ही तिघं भाकरी खायला बसलो होतो, तेव्हा मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, मी उतरतो डोहात."

आमच्याकडे बायकाही "मी जातो, मी करतो" असंच म्हणतात. बाहेरच्या माणसाला ते चमत्कारिक वाटतं.

"तू?" मालकांचा घास हातातच राहिला. "थे पोट्टे उतरले अन् वापस आले. तुले काय जमते?"

"मले जमते," मी म्हणाले.

मी हे धीर करून वगैरे म्हटलं नव्हतं. मला खरंच जमत होतं. माझं माहेर त्याच नदीच्या काठी, खालच्या अंगाला. उन्हाळ्यात पात्रात आमची टरबुजांची वाडी असायची आणि आम्ही भावंडं अर्धा दिवस पाण्यात असायचो. तळाचे शिंपले काढून आणण्यात मी भावांच्या पुढे होते. लग्न होऊन मळ्यावर आल्यावर विहिरीत पडलेल्या बादल्या, कळश्या मीच काढायचे. कोणी पाहत नसताना उतरायचे, एवढंच. निदान माझी तशी समजूत होती.

सासूबाई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "तिले जमते. विहिरीत कशी जाते थे मी पाह्यतो ना रोज माडीवरून. मासोळी हाये थे." मग मालकांकडे वळून म्हणाल्या, "तू कायले घाबरून राह्यला? बुडाला तू होता, थे नाई."

मालक पहिल्यांदाच हसले.

त्याच आठवड्यात नणंद आणि तिचा नवरा भेटायला आले. इंजिन बुडाल्याचं ऐकूनच आले होते. हे भाऊजी काही वर्षं मुंबईच्या गोदीत कामाला होते. तिथे लोखंडी टोप घालून पाण्याखाली जाणारे पाणबुडे असत, आणि त्यांना वरून नळीनं हवा पोचवायचा पंप हलवायचं काम यांच्याकडे होतं. मी डोहात उतरणार हे ऐकल्यावर त्यांनी नको म्हटलं नाही. मला समोर बसवून विचारलं, "खाली गेल्यावर दिसते का तुले?"

"दिसते, पन पसरट. पान्यात तेल सांडल्यावानी."

"अन् दम कितीक पुरते?"

"जाऊन, हात लावून, वापस येन्यापुरता."

"मंग गाठ कवा मारशीन?"

भाऊजी उठले आणि परसात जाऊन वस्तू गोळा करू लागले. पत्र्याच्या गोल डब्याची कड कापून त्यांनी माझ्या डोळ्यांवर आणि नाकावर बसेल अशी वाटी केली. तिच्या धारेला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. राहिली काच. घरात काच एकच होती, देव्हाऱ्यावरच्या तसबिरीची. सासूबाईंनी ती स्वतः खिळे काढून सोडवली, देवाला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "देव राहीन काई दिवस बिनकाचेचा. त्याले काय थंडी वाजते?" भाऊजींनी काच कापून डांबरानं बसवली. वाळल्यावर माझ्या हाती देत म्हणाले, "आतून थुका लाव. नाईतं वाफ धरते."

"देवाच्या काचीले थुका?" सासूबाई म्हणाल्या.

मग तोंड फिरवून त्या तुळशीकडे पाहू लागल्या. "मी काई पाह्यलं नाई," त्या म्हणाल्या.

श्वासाची सोय हंड्यानं झाली. लग्नात पाणी साठवायला वापरतात तसला रुंद तोंडाचा तांब्याचा हंडा आमच्याकडे होता. तो पालथा पाण्यात दाबला की आत हवा राहते, हे कोणत्याही बाईला भांडी घासताना कळतं. भाऊजींचं म्हणणं असं, की तोच खाली नेऊन ठेवायचा आणि दम सरला की आत डोकं घालून श्वास घ्यायचा. पण पालथा हंडा खाली जायलाच तयार होईना. जात्याचे जड दगड बांधले तेव्हा गेला, आणि आमच्या विहिरीत अर्ध्यावर जाऊन कलंडला. भक्कन मोठा बुडबुडा वर आला. दुसऱ्यांदाही तेच झालं. सासूबाई विहिरीच्या काठावरून पाहत होत्या. "शिंक्यासारखं बांधा ना," त्या म्हणाल्या. "तीन पेड, सारखे. दुधाची गाडगी काय एका दोरावर टांगते का कोनी?" तसं बांधल्यावर हंडा सरळ उतरला आणि सरळ राहिला.

त्याच्या मागोमाग मी गेले. खालून आत डोकं घातलं आणि श्वास घेतला. तांब्याचा वास, थोडा चिंचेचा, कारण सकाळीच तो घासला होता. माझ्याच श्वासाचा आवाज कानांभोवती घुमत होता. मी "आत्याबाई" अशी हाक मारून पाहिली. हाक आतल्या आत फिरून माझ्याकडेच आली आणि मला हसू फुटलं. पाण्याखाली असून मी हसत होते, नाकातोंडात पाणी जात नव्हतं. जन्मभर पाण्यात काढलेल्या मला हे नवीन होतं.

वर आल्यावर भाऊजींनी दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या. "हंड्यातली हवा घेतली का वर येतानी दम धरून येजो नको. फुंकत ये, सारी फुंकत ये. खालची हवा दाबलेली रायते, वर आली का फुगते. गोदीत एकाच्या छातीले इजा झालती, मी पाह्यलं हाये. अन् दुसरं, हंड्यातली हवा लवकर खराब होते. डोकं जड वाटलं का निंघ. हंडा वर घेऊ, पुन्हा भरू."

डोहावर आम्ही सकाळचं ऊन चांगलं वर आल्यावर गेलो. पाणी पाहून मला बरं वाटलं. पावसाळ्याचा गढूळपणा तळाशी बसला होता, डोह हिरवा आणि नितळ होता. पलीकडच्या घाटावरून एक डोंगा मागून आणला होता. त्यात भाऊजी, मालक आणि नावाडी. नावाड्यानं एका हातानंच वल्हं धरलं होतं, पण जागा त्यालाच ठाऊक होती. काठावर मोटेचा नाडा, म्हणजे मोट ओढायचा जाड दोर, गुंडाळून ठेवला होता आणि बैलांच्या दोन जोड्या उभ्या होत्या. बघायला गाव जमलं होतं. सासूबाईंनी खडकावर हळद-कुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या, आसरांना काहीतरी पुटपुटल्या. मग वळून मोठ्यानं म्हणाल्या, "बाप्ये हो, माही सून पान्यात उतरून राह्यली. ज्याच्या हाती दोर हाये त्यानं दोराकडं पाहा, बाकीच्यायनं बैलाकडं."

काठावरचे पुरुष निमूटपणे बैलांकडे वळले. मी काष्टा आवळला, कमरेला विळा खोचला. भाऊजींनी एक बारीक दोरी माझ्या कमरेपासून हंड्याच्या शिंक्याला बांधली आणि दुसरी माझ्या मनगटाला, तिचं टोक स्वतःकडे. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ओढा. हंडा खाली गेला. मी गेले.

त्या पहिल्या बुडीचं काय सांगू! नदी माझ्या ओळखीची होती, पण मी ती आजवर पाहिलीच नव्हती हे त्या काचेमुळे कळलं. काळा खडक पायरीपायरीनं खाली गेला होता आणि त्याच्या भोकाभोकांत काहीतरी राहत होतं. कुठे झिंग्याच्या मिशा हलत होत्या, कुठे गोगलगायी चिकटल्या होत्या. शेवाळाच्या लांब वेण्या एकाच दिशेला वळलेल्या. वरून येणारं ऊन त्यांच्यात तुकड्यातुकड्यानं हलत होतं. कान दुखू लागले तेव्हा आवंढा गिळला, तसे मोकळे झाले. तळाशी डोंगे होते. एक कुशीवर पडलेला, दुसरा पालथा, आणि पालथ्याच्या खालून आमच्या इंजिनाचं चाक बाहेर डोकावत होतं. लोखंडावर गाळाची मऊ साय बसली होती. चाकाच्या आऱ्यांमधून बोटाएवढ्या पट्टेरी मासोळ्या ये-जा करत होत्या, जशी पोरं फाटकातून करतात. कुशीवरच्या डोंग्यात एक मोठा मरळ मासा मुक्काम ठोकून बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तो हलला नाही.

काही दिवसांपूर्वी जे आमचं नुकसान होतं, ते यांचं घर झालं होतं. मी हंड्यात डोकं घालून श्वास घेतला, पुन्हा बाहेर आले आणि नुसती पाहत राहिले. मनगटाला हिसका बसला तेव्हा भान आलं. मी उलट हिसका दिला आणि बुडबुडे सोडत वर गेले.

"दिसलं?" मालकांनी विचारलं.

"सारं दिसलं," मी म्हणाले. "डोंगा वरतून पालथा हाये. काथ्याचा दोर अजून आवळलेला हाये. थो कापल्याबिगर इंजन निंघत नाई."

हंडा वर घेऊन पुन्हा हवा भरून खाली सोडला. मी विळा घेऊन दोराशी भिडले. काथ्या फुगून लाकडासारखा झाला होता. थोडं कापायचं, हंड्यात जायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा कापायचं. शेवटचा पेड तुटला, आणि डोंगा हलला. मला वाटलं होतं तो वर येईल. तो बाजूला लवंडला. तळचा सगळा गाळ एकदम उसळला आणि माझ्यापुढचं जग नाहीसं झालं. चाक नाही, खडक नाही, माझा हातही नाही. मी हंड्याकडे निघाले आणि मागे ओढली गेले.

आसरा पाय ओढतात म्हणतात, ते मला त्या क्षणी आठवलं. खोटं कशाला सांगू, आठवलंच. पण पाय मोकळे होते. ओढ कमरेत होती. मी हात मागे नेला. काष्ट्याचा सोगा डोंग्याच्या कडेखाली दाबला गेला होता. ओढून पाहिला, निघेना. दम सरत आला होता, पण घाई केली तर तो आणखी लवकर सरतो हे मला शिंपले काढण्याच्या वयापासून माहीत होतं. विळा मुठीतच होता. एका हातानं लुगडं ताणून धरलं, दुसऱ्यानं चरचर कापलं आणि सुटले. मग कमरेच्या बारीक दोरीवर हात सरकवत गेले. दोरी जिथे संपली तिथे तांब्याची गार कड हाताला लागली. आत डोकं घालून मी घेतलेला तो श्वास माझ्या आठवणीतला सगळ्यांत गोड श्वास आहे.

वरच्यांना तेवढ्यात गाळाचा ढग दिसला होता. मनगटाला हिसके बसू लागले. मी एकच हिसका दिला. ठीक आहे. पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तेच सांगितलं. मग हंड्यात डोकं ठेवून गाळ बसायची वाट पाहिली. डोकं थोडं जड वाटू लागलं तशी फुंकत फुंकत वर आले.

डोंग्यात मालक अर्धे बाहेर वाकले होते आणि नावाड्यानं बऱ्या हातानं त्यांची कंबर धरून ठेवली होती. ते उडी मारायला निघाले होते, असं भाऊजींनी सांगितलं.

"तुमाले पोहता येते का?" मी विचारलं.

"नाई."

"मंग कायले उडी मारून राह्यले होते?"

डोंग्याच्या कडेवरचा माझा हात त्यांनी धरला आणि बराच वेळ सोडला नाही. गावासमोर नवऱ्यानं बायकोचा हात धरायचा तो काळ नव्हता. पण गाव बैलांकडे पाहत होतं.

त्यानंतरचं काम सोपं गेलं. गाळ बसल्यावर मी मोटेचा नाडा घेऊन उतरले. भाऊजींनी सांगितलं होतं, चाकाला बांधू नको, दांडा वाकेल, खालच्या बैठकीला बांध. बैठकीला दोन्ही बाजूंना लोखंडी कान होते. त्यांतून नाडा ओवला आणि मोटेला मारतात तीच गाठ मारली, ती मला डोळे मिटूनही येत होती. वर येऊन हात केला. बैल जुंपले गेले, नाडा पाण्यातून ताठ होत वर आला आणि त्यातून पाणी ठिबकू लागलं. सगळे एका आवाजात बैलांना हाकारत होते. नाडा थोडा सरकला आणि थांबला. मी पुन्हा नुसतीच बुडी मारून पाहिलं. बैठक खडकाच्या पायरीला अडली होती. वर येऊन ओरडले, "बैल वरच्या अंगाले घ्या! धारेकडं!" सासूबाईंनी स्वतः पहिल्या जोडीची वेसण धरून तिकडे वळवलं. या खेपेला नाडा थांबला नाही. काठाजवळचं पाणी फुगलं, फाकलं, आणि त्यातून चिखलानं माखलेलं, शेवाळ लोंबणारं आमचं इंजिन बाहेर आलं. त्याच्या कुठल्याशा भोकातून एक मासोळी टपकन चिखलात पडली. ती मी ओंजळीत घेऊन पाण्यात सोडली.

काठावर कोणी तरी हलगी आणली होती. ती वाजू लागली. सासूबाईंनी आधी माझ्या अंगावर कोरडं लुगडं टाकलं, मग कापलेल्या सोग्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काय केलं वं?"

"डोहाले देल्लं," मी म्हणाले.

"बरं केलं. जुनंच होतं."

इंजिन लगेच सुरू झालं नाही. भाऊजींनी आणि वाशीमहून आणलेल्या एका मिस्त्रीनं ते पोत्यांवर पसरून खिळा न् खिळा मोकळा केला, घासलेटात धुतला, उन्हात वाळवला. आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जोडल्यावर ते खोकलं, बंद पडलं, पुन्हा खोकलं, भस्सकन काळा धूर टाकला आणि मग एकदम चालू लागलं. पाईपातून आधी चिखल आला, मग गढूळ पाणी, मग निवळ. पलीकडच्या कोरड्या तुकड्यात पाणी जाताना आम्ही सगळे त्याच्या तोंडाबरोबर चालत गेलो. सासूबाई सर्वांत पुढे. त्यांनी त्या वर्षी तिथे कोबी लावला. आमच्या भागात कोबी तेव्हा नवा होता, लोक मुद्दाम बघायला यायचे.

मला मात्र डोह चैन पडू देईना. इंजिन निघालं होतं, पण डोंगे खालीच होते. त्यांचं लाकूड कुजकं निघालं, ते कोणाला नको होते. एकदा बाजाराहून परतताना मी मालकांना म्हणाले, "हंडा घेऊन जाऊ या का डोहावर?"

"आता कायले? आता काय राह्यलं तिथं?"

"नुसतं पाहाले."

त्यांनी बैल डोहाकडे वळवले, तेव्हा मी गाडीतल्या रिकाम्या टोपल्या बाजूला केल्या. हंडा, काच आणि जात्याचे दगड मी आधीच गाडीत ठेवले होते. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग मान हलवून हसले. नावाड्याचा खांदा बरा झाला होता. त्यानं डोंगा काढला. मी कोणतंही काम नसताना खाली गेले, खडकाच्या पायऱ्या पाहिल्या, मरळाची चौकशी केली. तो होता. मासोळ्यांना आता चाक नव्हतं, पण पालथा डोंगा होता, त्यात त्या बस्तान बसवून होत्या. मी वर येऊन सगळं सांगितलं. मालक ऐकत होते, पण ऐकून त्यांचं भागेना.

त्या उन्हाळ्यात मी त्यांना आमच्या विहिरीत पोहायला शिकवलं. पाठीला बंद डबा बांधून सुरुवात केली. ते पाय इतके आपटायचे की विहिरीतली कबुतरं उडून जायची. भर दुपारी, सगळे पडलेले असताना आम्ही शिकायचो, आणि सासूबाई मुद्दाम लांबच्या वाफ्यात खुरपत बसायच्या. पाऊस लागायच्या आधी, डोहाचं पाणी उतरलेलं असताना, मी त्यांना काच बांधून दिली. आतून थुंकी लावली. हंडा सोडला. त्यांचा हात धरून खाली नेलं, खडकाशी उभं केलं आणि हंड्यात डोकं घालायला लावलं. ते आत काहीतरी बोलले, मला बाहेरून नुसती तांब्याची घूं घूं ऐकू आली. मग त्यांनी डोकं बाहेर काढून डोंग्याकडे पाहिलं. मरळ बाहेर आला होता आणि त्याच्याभोवती लालसर पिल्लांचा एवढा मोठा घोळका, की पाणीच हलतंय असं वाटावं.

फुंकत ये, असं मी त्यांना शंभरदा बजावलं होतं. ते फुंकत वर आले, डोंग्याची कड धरली, काच कपाळावर सरकवली. डोळे लाल झाले होते.

"आत काय बोलले तुमी, हंड्यात?" मी विचारलं.

"काई नाई. तुले हाक मारून पाह्यली."

"मंग?"

"मंग काय, थे माह्याकडंच वापस आली," ते म्हणाले, आणि दम खाऊन झाल्यावर हंड्याकडे बोट दाखवलं. "भर अजून एकडाव. पिल्लं नीट पाह्यलीच नाई मी."

पुढच्या पुरात डोंगे वाहून गेले. आम्ही नंतर बुडी मारून पाहिली, तिथे नुसता खडक होता आणि त्यावर नवं शेवाळ धरत होतं.